ज्याची पाटी त्यानेच काढायची

चिंचवड
६ एप्रिल २०२५

भीमराज, जय भीम.

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता नेहाकडून लिहून घेतला. नेहा म्हणजे आपल्या युनियनच्या जुन्या ऑफिसात संग्रहालय उभं करणारी मुलगी. फोन तर तू उचलतच नाहीस. तुझ्या आम्रपालीच्या लग्नात मांडवाच्या एका टोकाला तू होतास आणि दुसऱ्या टोकाला मी. जेवायला बसताना केसरने आपल्यामध्ये चार खुर्च्या सोडल्या होत्या. तू माझ्या सख्ख्या बहिणीचा, केसरचा नवरा, आणि त्याच्याही आधी माझा एका पाळीतला जोडीदार. तरी तुला पत्र घालायचं तर अशी चोरवाट काढावी लागते.

कामाचं सांगतो. स्टेशनमागच्या त्या दोन खोल्या आठवतात ना, जिथे गेट मीटिंगनंतर आपण उभ्याने चहा प्यायचो? तिथे आता विद्युत कामगारांच्या युनियनचा इतिहास मांडलाय. कंपनी जाऊन तिच्या जागी बावीस मजली टॉवर उभे राहिले, पण या दोन खोल्या यशवंतरावांनी कोणाला गिळू दिल्या नाहीत. आपले सेक्रेटरी चौऱ्याऐंशीचे झालेत. पुनावळ्याची शेती गेली, तिथेही टॉवरच आले, पण गडी तसाच आहे. दारात खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावतो.

मी आत फिरून आलो. पहिल्या खोलीत संपाचे फोटो, गेटवरचा भोंगा आणि वाइंडिंगच्या बायकांनी वापरलेली तांब्याच्या तारेची रिळं आहेत. ठिगळ लावलेले रबरी हातमोजेही आहेत. नवे मोजे मिळावेत म्हणून आपण अकरा दिवस काम बंद ठेवलं होतं, ते हेच. माझा टेस्टर काचेच्या पेटीत ठेवलाय. मी अजून चालता-बोलता आहे आणि माझा टेस्टर काचेत जाऊन बसला, याचं हसू आलं.

दुसऱ्या खोलीत पाट्यांची भिंत आहे. नेहाला ही भिंत फार आवडते. तिला मी समजावून सांगितलं, की मेन्टेनन्सचा माणूस लाइनवर चढण्याआधी सप्लाय बंद करायचा आणि स्विचच्या दांड्याला आपल्या नावाची पाटी तारेने बांधायचा. काम उरकून खाली आला की स्वतःच्या हाताने ती सोडायचा. साहेब येवो की साहेबाचा बाप, दुसऱ्याच्या पाटीला कोणी हात लावायचा नाही. ज्याची पाटी त्यानेच काढायची. कंपनीने हे शिकवलेलं नव्हतं, हा आपला आपण घातलेला दंडक होता. नेहाने ते सगळं वहीत उतरवून घेतलं.

भिंतीवर बावीस पाट्या आहेत. तुझी नाही. तुझ्या जागी एक छापील फलक आहे. तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच लिहितो. ‘१९९५. मेन्टेनन्स विभागातील भीमराज यांनी पाटी न लावता काम सुरू केले. सप्लाय सुरू झाल्याने त्यांना उजवा हात कोपरापासून गमवावा लागला. या घटनेनंतर युनियनने पाटीचा नियम लेखी केला.’

मजकूर जुन्या इतिवृत्तातून घेतलाय, त्यात नेहाचा काही दोष नाही. मी तिला शब्द थोडे सौम्य करायला सांगणार आहे. झालं गेलं गंगेला मिळालं. उद्घाटन एक मे रोजी सकाळी दहाला आहे. तू आलास तर लोकांना बरं वाटेल. मला तर वाटेलच.

हे पत्र केसरला दाखवू नकोस. तिला उगाच जुनं आठवायला नको.

तुझा मेहुणा,
ज्ञानदेव


चिंचवड
१५ एप्रिल २०२५

भीमराज,

तुझं उत्तर आलं नाही, आणि ते येईल असं धरूनही मी चाललो नव्हतो. तरी रोज पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत उभा राहतो. काल जयंतीला पिंपरीच्या चौकात गेलो होतो. गर्दीत एक माणूस पाठमोरा दिसला, उजवी बाही कोपरापाशी दुमडून पिन लावलेली. मी गर्दीतून वाट काढत गेलो. तो कोणी दुसराच निघाला.

फलकाचे शब्द मी सौम्य करून घेतले नाहीत. नेहाने विचारलं, “काका, यात काही चुकलंय का? तुम्ही तर तिथेच होतात.” मी म्हणालो, बघू. आता तिने मलाच वाटाड्या नेमलंय, कारण मेन्टेनन्सच्या टोळीतला चालता-फिरता असा मी एकटाच उरलो. परवा रंगीत तालीम झाली. आयटीआयच्या अठरा मुली आल्या होत्या. वीजतंत्रीच्या वर्गाला आता मुली असतात, तुला हे बघून आनंद झाला असता. तुला आम्रपालीला वायरमनच करायचं होतं आणि केसर लाटणं घेऊन मागे लागली होती, आठवतं का?

मी फिरवत गेलो. भोंगा दाखवला, रिळं दाखवली, संपात कोण कुठे झोपायचं ते सांगून त्यांना हसवलं. मग तुझ्या फलकापाशी आलो आणि तोच मजकूर मोठ्याने वाचला. त्यांच्या मास्तरांनी लगेच बोट वर केलं, “बघा, विसरभोळेपणा किती महागात पडतो.” मुलींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, “आजोबा, स्विच कोणी टाकला?”

मी म्हटलं, “काय?”

“पाटी नव्हती, मान्य आहे. पण सप्लाय आपोआप कसा सुरू होईल? कोणीतरी स्विच टाकला असणार ना. त्याचं नाव का नाही इथे?”

तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून विचारलं नाही, आणि नंतर ठाऊक असणारे उरले नाहीत म्हणून. मी सांगितलं, “ते लिहिलेलं नाही.” खोटं नव्हतं, लिहिलेलं नाहीच. मग तिने विचारलं, “हे भीमराज तुमच्या ओळखीचे होते?” मी म्हणालो, “सोबत कामाला होते.” एवढंच म्हणालो. तुला मी माझी बहीण दिली हे मला त्या पोरीपुढे बोलवेना.

ती जाताना पुन्हा वळून फलक वाचत होती. मी दिवा मालवला आणि बाहेर आलो.

केसरचे गुडघे कसे आहेत?

ज्ञानदेव


चिंचवड
२२ एप्रिल २०२५

भीमराज,

हे पत्र बसल्या जागी वाच. आणि या वेळी मोठ्याने वाच, केसरला ऐकू जाईल असं.

काल आम्रपालीचा फोन आला. म्हणाली, “मामा, बाबांना पत्रं पाठवू नका.” तू दोन्ही पत्रं वाचलीस म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे तू म्हणालास, “इतक्या लोकांनी लिहून ठेवलंय तर खरंच असेल. मीच विसरलो असेन पाटी.”

मला वाटलं होतं, तू मला शिव्या देत असशील. तीस वर्षं मी त्याच हिशोबाने झोपत आलो, की भीमराजला खरं काय ते ठाऊक आहे, तो माझा राग करतो, आणि तो त्याचा हक्क आहे. तुझ्या रागाचा मला आधार होता, हे लिहायला लाज वाटते. आता तो रागही आम्ही तुझ्याकडून काढून घेतला. हात घेतला तेव्हा तुझा स्वतःवरचा विश्वास तरी शाबूत होता.

तू पाटी लावली होतीस, भीमराज.

लाल रंगाची, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून तू स्वतः केलेली, पांढऱ्या अक्षरात ‘भीमराज. माणूस कामावर आहे.’ दांड्याला दोन वेढे देऊन बांधली होतीस. ती मी काढली.

आता सगळं सांगतो. त्या दिवशी रविवारचं शटडाउन होतं. प्रेस शॉपच्या वरच्या, वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर तू चढला होतास. एक वाजता मी कँटीनमध्ये गेलो तर टेबलावर तुझा डबा उघडा. तू एकला डबा खायचास म्हणजे खायचास, तुझ्यावर लोक घड्याळ लावायचे. मी धरून चाललो, की तू खाली आलास आणि हात धुवायला गेलास. डबा यशवंतरावांनी उघडला होता, केसरच्या जवसाच्या चटणीसाठी, तुझी वाट न बघता. आपल्यात ते चालायचंच. मीही एक घास घेतला. तेवढ्यात भट्टीवाला ओरडत आला, माल थंड पडतोय, सप्लाय द्या. मी पॅनल रूममध्ये गेलो. पाटी दांड्यालाच होती. मला वाटलं, जेवायच्या घाईत काढायची राहिली. आपला भीमराज, आपला दाजी, त्याची पाटी मी काढली तर काय बिघडतं? दुसऱ्या कोणाची असती तर मी हात लावला नसता, हे खरं सांगतो. घरच्याची होती म्हणून लावला.

दांडा वर केला तेव्हा तुझ्या डब्यातली भाकरी माझ्या तोंडात होती. मग शॉपमधून आवाज आला.

पाटी माझ्या हातात होती. मी ती शर्टाच्या आत सारली. तेव्हा काही ठरवून केलं नाही, हात आपसूक गेला. ठरवलं ते नंतर. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात यशवंतरावांनी विचारलं, “पाटी व्हती का रं, ज्ञानदेव?” केसर समोरच्या बाकड्यावर बसली होती, तुझा शर्ट मांडीवर घेऊन. मी म्हणालो, “नव्हती.” यशवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा विचारलं नाही, आणि पाठ फिरवली. पगाराचा करार तोंडावर आला होता. आमच्याच माणसाने दुसऱ्याची पाटी काढली हे कंपनीला कळलं असतं तर कराराचं काय झालं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांच्यावर ढकलत नाही. मी कंपनीला भ्यालो नाही, पोलिसांनाही नाही. मी केसरला भ्यालो. भावाने पाटी काढून नवऱ्याचा हात घेतला, हे तिला कळायला नको होतं.

चौकशीत तू शुद्धीवर येऊन म्हणालास, “पाटी लावली होती, ज्ञानदेवला विचारा.” माझंच नाव घेतलंस. आणि मी मान खाली घालून म्हणालो, पाटी नव्हती म्हणून स्विच टाकला. त्यानंतर तुला गेटवर नोंदी करायला बसवलं आणि नवे पोरगे तुझ्याकडे बोट दाखवून हसायचे. केसरही एकदा तुला म्हणाली होती, “एक पाटी बांधायची सुद कशी नव्हती तुम्हाला?” तेव्हा मी तुमच्याच घरात चहा पीत होतो. बशी खाली ठेवून उठलो आणि त्यानंतर तुमच्याकडे येणं कमी केलं. तू वर्षभरात नांदेडला निघून गेलास. स्टेशनवर पोचवायला सगळी टोळी आली होती, एक मी सोडून.

पाटी माझ्याकडे आहे. बायको होती तोवर तिलाही सांगितलं नाही, ती गेल्यावर ट्रंकेतून कपाटात आणली. तुझ्या उजव्या हाताची अक्षरं आता या पत्र्याखेरीज कुठे शिल्लक नसतील.

केसर, तू ऐकत असशील तर, मी काही मागत नाही.

ज्ञानदेव


चिंचवड
१ मे २०२५, दुपार

भीमराज,

तू आला नाहीस. मी साडेनऊपर्यंत रस्त्याकडे बघत होतो.

काय झालं ते माझ्याकडूनच कळू दे. मी सातला जाऊन किल्लीने दार उघडलं. दाराच्या आत डाव्या हाताला जुना लोखंडी मेन स्विच आहे, सगळ्या संग्रहालयाचा. दांडा खाली ओढला, पिशवीतून तुझी पाटी काढली आणि बांधली. मग पायरीवर बसून राहिलो.

दहाला माणसं जमली. पाहुणे आले, हार आले, आयटीआयच्या मुली आल्या. नेहा आत गेली आणि लगबगीने बाहेर आली, “काका, लाइट नाहीत, पंखे नाहीत, काय झालं?” मग तिला दांड्याला लटकलेली पाटी दिसली. तिने नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पाटी सोडायला हात पुढे केला.

यशवंतराव खुर्चीतून उठले. काठी न घेता उठले. म्हणाले, “पोरी, हात मागं घे. ज्याची पाटी त्यानंच काढायची.”

“अहो पण पाहुणे थांबलेत.”

“थांबू देत की. आमी तीस वर्सं थांबलोय.”

मग ते दांड्याजवळ गेले, चष्मा वर करून पाटी पाहिली. मला म्हणाले, “हाय तर. मला व्हरांड्यातच कळलं व्हतं. म्या इचारलं न्हाई, ते माझंबी पाप हाय.” एवढं बोलून ते पुन्हा खुर्चीत बसले, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. डबा, चटणी, भाकरी, शर्ट, काही वगळलं नाही. उन्हात उभी माणसं ऐकत होती. वाइंडिंगच्या इंदुताई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “आम्ही त्या माणसाला काय काय बोललो रे.” आणि पदर तोंडाला लावून पायऱ्या उतरून गेल्या. धोंडीबा, आपला क्रेनवाला, माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि बाजूच्या कट्ट्यावर ठेवला. इतकी वर्षं त्याच्या घरी सणाला जेवलोय, उद्यापासून जाता येणार नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून झोंबलं.

पाहुणे फीत न कापता निघून गेले. त्यांच्या मागचे कार्यकर्ते चिडचिड करत होते. नेहा रडकुंडीला आली होती, चार वर्षं राबलीय पोर. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “काका, फलक तरी मी काढू शकते ना?” आणि तिने तो स्वतःच्या हाताने काढला. खाली भिंतीला चौकोनी पांढरा डाग राहिलाय.

ती आयटीआयची मुलगी शेवटपर्यंत थांबली होती. स्विच कोणी टाकला विचारणारी. माझ्यापाशी आली. वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. तिने विचारलं, “तुम्ही आधी का नाही सांगितलं?” मी दाराची किल्ली नेहाच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरलो.

ज्ञानदेव


चिंचवड
४ मे २०२५

भीमराज,

आज चौथा दिवस. संग्रहालय अंधारात आहे. वीज मंडळाचा वायरमन मीटर बघायला आला होता. त्याने पाटी वाचली आणि कोणी काही सांगायच्या आत मागे सरला. जुनी माणसं पाळीपाळीने दारात बसतात, हात लावू देत नाहीत. मला त्यांच्यात बसवत नाहीत. मी समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसतो, तिथून दार दिसतं.

काल आम्रपालीचा फोन आला. तू तिला पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावलंस म्हणाली, नेमका पाटीच्या वेढ्यांचा भाग. दोन वेढे दिलेले ते तुलाही आठवतात, असं तू म्हणालास. पुढे ती म्हणाली, “मामा, बाबा आंघोळ करून अंगणात बसलेत, ताठ बसलेत.” केसर मात्र फोनवर आली नाही. तिने तुझ्या पिशवीत दोन सदरे भरून ठेवलेत आणि माझं नाव घरात काढायचं नाही म्हणून सांगितलंय. तिचं बरोबर आहे. तिला यायचं नसेल तर आग्रह करू नकोस.

तू यायचं की नाही हे तुझं तू ठरव. आलास तर मी दारात उभा राहणार नाही, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. यशवंतराव असतील, नेहा असेल, आणि त्या मुलींना तिने बोलावून ठेवलंय. तुला कोणी काही विचारणार नाही. तू फक्त आत जा, पाटी सोड आणि दांडा वर कर.

तुझे दोन वेढे होते, मी एकच दिलाय. डाव्या हाताने सुटेल.

ज्ञानदेव